गुरुवारची दुरुस्ती

प्रिय रंगारीणबाई,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. माझ्या लेकाने तुला ठेवलेल्या नावानेच सुरुवात केली आहे. सूनबाई म्हटलं की घरात पाहुणे बसल्यासारखं आपल्या दोघींनाही अवघडायला होतं. हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवणार आहे. तू पाट्या रंगवायला बसण्याआधी वाच आणि शेवटपर्यंत वाच, कारण मला मुद्द्यावर यायला नेहमीच वेळ लागतो.

मी ठीक आहे. माझे डोळे अधू झालेत आणि ह्यांचे गुडघे. दोघं मिळून एक धड माणूस होतं आणि तेवढ्यावर घर चालतं. शिवणाचं मशीन अजून विकलेलं नाही. परवा समोरच्या बाईंच्या पडद्यांना दुमड घालून दिली तर एक बाजू बोटभर खाली आली, आणि त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पूर्वी त्यांनी मला सळो की पळो केलं असतं. लोक बोलायचे थांबले की समजावं, आपण म्हातारे झालो.

तू गेल्यापासून त्याच्या खोलीत मी फक्त केर काढायला जायचे. टेबलाला हात लावला नाही. त्याची ती शेवटची तळहाताएवढी प्लास्टिकची गाडी तशीच पडून होती, जुन्या काळातली दोन दारांची. तिच्या छताचे खांब कापून त्याने छत खाली ओढून बसवलं होतं, त्यामुळे ती टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या उनाड पोरासारखी दिसते. तिला राखाडी प्रायमर मारून झाला होता. रंगावरून तुमचं भांडण चालू होतं, तू म्हणत होतीस गडद निळा, तो म्हणत होता जांभळाच. चाकं, इंजिन, बंपर, सगळे तुकडे अजून प्लास्टिकच्या चौकटीत जिथल्या तिथे होते. झाडावरची कच्ची फळं कशी तोडवत नाहीत, तसं मला ते तोडवेना.

तुला माहीतच आहे, ह्यांना या गाड्यांचं कधी कौतुक नव्हतं. आयुष्य खऱ्या ट्रकांखाली झोपून गेलं. इंजिन आहे पण सुरू होत नाही, दार आहे पण उघडत नाही, याला गाडी म्हणायचं तर माझ्या फोटोलाही पेन्शन द्या, असं म्हणायचे. तो हसायचा आणि पुन्हा पॉलिश पेपर घेऊन घासायला लागायचा. हॉट रॉड म्हणजे जुन्या मोडक्या गाडीला कापून, ठोकून, मोठं इंजिन घालून आपल्या मनासारखी करणं, हे त्यानेच मला समजावलं होतं. मी म्हटलं, म्हणजे मी ह्यांचा जुना सदरा उसवून तुला शिवायचे तेच ना. तेव्हापासून तो त्याच्या मित्रांना सांगायचा की आमच्या घरातली पहिली हॉट रॉड आईने शिवली.

असो. आता घरात काय चाललंय ते सांगते. हसू नकोस.

दुपारी मी जरा आडवी होते. हे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन खुर्चीत. अशाच एका दुपारी डोळा लागता लागता मला घासण्याचा आवाज आला. बारीक, थांबत थांबत. तो घासायचा तसाच, चार वेळा घासून एकदा फुंकर. मी उठले नाही. उठले असते तर थांबला असता, आणि मला तो थांबायला नको होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वास यायला लागला, तोच गोंदाचा, डोक्यात जाणारा. मी स्वतःला सांगितलं की भिंतींनी धरून ठेवलेला वास असेल, दमट हवेत सुटतो.

मग केर काढताना पाहिलं तर चौकटीतली चाकं नव्हती. गाडीला लागली होती. पुढच्या खेपेला इंजिन जोडलेलं. माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगू, तो भीतीचा नव्हता. लग्नाआधी तो कामावरून उशिरा यायचा आणि मला झोपेत त्याच्या चपलांचा आवाज आला की कूस बदलून गाढ झोप लागायची, तसं काहीतरी वाटलं. कुणाला बोलले नाही. अशी गोष्ट बोलली की मोडते.

आणि एके दिवशी गाडीला काच बसलेली दिसली. पुढची काच. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. ती आतून पांढरी झाली होती, आत कुणी बसून श्वास सोडत असावं तशी धुरकट. शेवटच्या आठवड्यात त्याच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क असाच आतून पांढरा व्हायचा, आठवतं? तू रुमालाने पुसायचीस आणि तो पुन्हा पांढरा व्हायचा. तू म्हणायचीस, पांढरा होतोय तोवर बरं आहे. मी झाडू तिथेच टाकून खाली बसले. बोटाने काच पुसून पाहिली. पुसली जाईना.

कितीतरी वेळाने डोकं ताळ्यावर आलं. तो लहान असताना एकदा त्याची काच अशीच खराब झाली होती आणि दोन दिवस जेवला नव्हता. त्यानेच सांगितलं होतं, आई, तो सेकंदात चिकटणारा गोंद काचेजवळ नेला की त्याची वाफ बसते आणि काच कायमची जाते. काचेला साधा पांढरा गोंद लावायचा. त्यानंतर त्याने ती चूक जन्मात केली नाही. आणि रंगाच्या आधी काच तर तो झोपेतही बसवणार नाही. म्हणजे हे काम त्याचं नव्हतं. सेकंदात चिकटणाऱ्या त्या गोंदाने जगातलं सगळं दुरुस्त होतं असं मानणारा माणूस आमच्या घरात एकच आहे. दुसऱ्या दुपारी मी अनवाणी जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं. हे. त्याच्या खुर्चीत, त्याचं भिंग डोळ्याला लावून, ती केळ्यांएवढी बोटं चिमट्यावर कशीबशी धरून. चार वेळा घासायचे आणि फुंकर मारायचे. फुंकर कधी बघून ठेवली होती कुणास ठाऊक. मी आले तशी परत गेले आणि उशीत तोंड घालून रडले. त्या दिवशी तो खरोखर गेला असं मला वाटलं.

मला माहीत आहे, हे वाचताना तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. पडू दे. तुझ्या रंगाने घेतला त्याला, असं हे तुला भरल्या घरात म्हणाले होते. जिभेला हाड नसतं, पण ह्यांच्या त्या वाक्याला होतं आणि ते तुझ्या घशात अडकलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याच्या फुप्फुसांचा आजार वेगळा होता, रंगाशी काही संबंध नाही. मीही त्याच घडीला म्हटलं होतं की ही रंग मारायला बसली की खिडकी कायम उघडी असायची. पण पोर गेलेल्या बापाला कुणीतरी हवं असतं बोट दाखवायला. तू बॅग भरलीस, कुणी तुला अडवलं नाही आणि तुझ्याकडची किल्ली परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी मी ह्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जाते. घराला कुलूप असतं. ह्यांना फटीतून पाहिलं त्यानंतरच्या गुरुवारी परत आलो, हे चपला काढून सरळ त्याच्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते भिंतीला धरत. मी आत जाऊन पाहिलं तर गाडीची काच स्वच्छ होती. धुरकट काच काढून तिथे नवी बसवलेली, कडेला गोंदाचा टिपूसही नाही. हे दुपारभर माझ्या शेजारी होते. मी ह्यांच्या शेजारी होते. आता माझ्याकडे दुसरं काही कारणच उरलं नव्हतं.

हे म्हणाले, तो येऊन गेला. देव समोर आला तर त्याचं लायसन्स मागेल असा हा माणूस, आणि हे इतक्या साधेपणाने म्हणाला की जणू पोस्टमन येऊन गेला. म्हणाले, मी काच घालवली होती, त्याने बदलून दिली. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, मला ठाऊक असलेलं, आणि मी सगळं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

त्यानंतर ह्यांनी काय करावं? पुढच्या गुरुवारी निघण्याआधी मुद्दाम मागची मोठी चाकं काढून पुढे लावली आणि पुढची छोटी मागे. चाळीस वर्षं टायर बदललेला माणूस. परत आलो तर चाकं जागच्या जागी. हे खुर्चीत बसून हसले, तो गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, चिडला असेल बघ, म्हणत असेल बाबांना एवढंही कळत नाही. आता दर गुरुवारी असंच चालतं. हे एक चूक करून ठेवतात आणि कुणीतरी ती दुरुस्त करून जातं. दवाखान्यात जायला पूर्वी कुरकुर करायचे, आता दोन वाजल्यापासून तयार होऊन बसतात. घर रिकामं असल्याशिवाय तो येत नाही म्हणतात.

मला कळायला आणखी एक गुरुवार लागला. त्याच्या खोलीची खिडकी ओढून घ्यायला गेले तर फटीत पुठ्ठ्याची घडी होती, तिहेरी, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून घातलेली. अशी घडी या घरात एकच बाई घालायची. मी ती घडी काढून कनवटीला लावली आणि ह्यांना दाखवली नाही.

पहिल्यांदा तू नुसती त्याच्या खुर्चीत बसायला आली असशील. ते मी समजू शकते. मग ती काच दिसली असेल आणि तुझ्याने राहवलं नसेल. तुला वाटलं असेल, म्हातारीच हे उद्योग करतेय, करू दे बिचारीला, आपण निस्तरू. तुझ्या स्वभावाला धरूनच आहे. पण बाई, तू ज्याच्या चुका सावरत होतीस तो हा माणूस आहे, तुला ते वाक्य बोललेला. हे मी तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही. तुला राग येईल, कदाचित फसवल्यासारखं वाटेल. तेवढा तुझा हक्क आहे.

आणखी एक. हे आता तिथे बसून त्याच्याशी बोलतात. मी ऐकायचं नाही ठरवते आणि ऐकते. काय बोलतात ते लिहिणार नाही, कारण मी ऐकलं हीच चोरी आहे आणि ते माझ्या तोंडून तुला मिळालं तर शिळं होईल. एवढंच सांगते की त्यात तुझं नाव असतं, आणि आवाज त्या दिवशीचा नसतो. जे तुझ्यासमोर म्हणायचं ते रिकाम्या खुर्चीला म्हणून हे रोज थोडे मोकळे होतात. तू तिकडे पाट्या रंगवत बसलीस, तुझ्या पदरात त्यातलं काहीच पडत नाही. मला याचा संताप येतो. ह्यांचाही येतो आणि तुझाही. माझ्या घरातली जिवंत माणसं चोरपावलांनी एकमेकांना चुकवत फिरतात आणि मी मधे गप्प उभी असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल हे म्हणाले, या गुरुवारी दवाखाना नको. तू एकटी बाहेर पड, कुलूप घाल, मी त्याच्या खोलीत दाराआड बसतो. काही बोलणार नाही, त्याला घाबरवणार नाही, एकदा नुसता बघतो. मी ह्यांना थंडी वाजेल म्हटलं, गुडघे धरतील म्हटलं, असं बघायला बसलं तर येत नसतात म्हटलं. ऐकले नाहीत. मग मी तुला पत्र लिहिलं की या गुरुवारी येऊ नकोस. ते फाडून टाकलं. तू आली नाहीस तर हे पुढच्या गुरुवारी बसतील, त्याच्या पुढच्याही, आणि एक दिवस ठरवून टाकतील की पोरानेही आपल्याला टाकलं. म्हणून सांगते, ये. सगळं ठाऊक असून ये. नाही आलीस तरी मी तुला दोष देणार नाही. मी कुठेही जाणार नाहीये, खाली जिन्यात बसलेली असेन. तुला बघितल्यावर ह्यांच्या तोंडावर जे दिसेल ते तुला सोसणार नाही, कारण त्या घडीला ह्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. मागे फिरू नकोस. किल्लीचा आवाज झाला की हे आतून आधी त्याच्या नावाने हाक मारतील. तू ओ दे.

तुझीच,
कुणी काही म्हणो, सासूच