कोणाकडून ऐकलं?

ती. मावशीस,

तुझ्या विद्वान भाचीचा (हा शब्द तुझाच, दुसऱ्या कोणी अजून वापरलेला नाही) वाकून नमस्कार. मी खुशाल आहे. वजन वाढलंय, केस गळताहेत आणि प्रबंध एकदाचा संपलाय. तुझे गुडघे कसे आहेत? खरं लिही, नुसतं "ठीक" नको. (हा प्रश्न माझा नाही. कोणाचा, ते शेवटी सांगते. आधी शेवटचं पान वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तेव्हा जरा दम धर.)

मी इतकी वर्षं नक्की काय करते, हे आपल्या घरात कोणालाच धड सांगता आलेलं नाही. मामा सांगतो, "अरबांचं काहीतरी." आई सांगते, "शिकतेय अजून," आणि विषय बदलते. तर ऐक. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या अरब इतिहासकारांची एक शिस्त होती. बातमी धर्माची असो की राजकारणाची, आधी ती कोणाकडून आली ते लिहायचं: मला अमक्याने सांगितलं, त्याने आपल्या काकाकडून ऐकलं, काका स्वतः तिथे हजर होता. बातमी त्याच्यानंतर. पुढच्या पंडितांनी तर या सांगणाऱ्या हजारो माणसांच्याच नोंदी करून ठेवल्या. हा सच्चा, हा सज्जन पण विसराळू, याला म्हातारपणी काही आठवेना, आणि हा ज्याचं नाव सांगतो त्याला तो कधी भेटणंच शक्य नव्हतं. माझा प्रबंध अशाच एका बातमीवर आहे. एका शहरातल्या लोकांनी आपल्या सुभेदाराला हुसकावून लावलं, एवढीच ती. पण ती खरी ठरली तर एक पक्ष शहाणा ठरतो आणि खोटी ठरली तर दुसरा, म्हणून अभ्यासक अजून तिच्यावरून हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पाच वर्षं एकच प्रश्न विचारतेय: कोणाकडून ऐकलं?

माणसाच्या हातात नवं हत्यार आलं की तो ते आधी घरच्यांवर चालवून बघतो. आई सहा वर्षं तुझ्याशी बोलत नाही. तू एकदा मला विचारलंस, "ताई फोन का उचलत नाही गं?" मी म्हटलं, मला काय माहीत, आणि तेव्हा खरंच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मी आईकडून कारण काढून घेतलं. मी अरबी शिकायला घर सोडलं तेव्हा तू म्हणे म्हणालीस, "ताईनं पोर वाया घालवली." आणि हे आईने एकाकडून नाही, तिघांकडून ऐकलं होतं. एखादा खोटं बोलेल, तिघं कशाला बोलतील, हा तिचा मुद्दा. बाबा गेल्यावर तिने मला एकटीने वाढवलं. ते वाक्य तिला किती लागलं असेल, हे मी तुला सांगायला नको.

मग मी आपल्या माणसांची कार्डं केली. प्रबंधासाठी करते तशीच, तीच पांढरी कार्डं, तीच शाई. मामी: सज्जन, परंतु मिक्सर चालू ठेवून ऐकते. मामेबहीण: स्मरणशक्ती उत्तम, पदरचं घालण्याची सवय. शेजारची शिंपीणबाई: स्वतः खोटं बोलत नाही, मात्र तोंडात टाचण्या धरून बोलते. या तिघींनी आईला सांगितलं, आणि तिघींनीही ऐकलं मामाकडून, हेही कार्डांवर लिहिलं. मामा: गोष्ट रंगवतो, कोणी सांगितली ते गाळतो. इथवर आले आणि मला वाटलं, काम झालं. मामालाच दोष देऊन टाकावा, त्याला सवय आहे.

पण ही चार कार्डं चुकून प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या गठ्ठ्यात गेली आणि गठ्ठा गेला माझ्या मार्गदर्शक सरांकडे. सरांना मी हसताना पाहिलेलं नाही. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींवर पुस्तकं, त्यामुळे बसायचं तर ढीग मांडीवर घ्यावा लागतो. असा ढीग घेऊन मी बसले आणि सरांनी ती चार कार्डं ओळीने टेबलावर मांडली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सरांनी हे कोण, असं विचारलंसुद्धा नाही. (एखादं नवं हस्तलिखित सापडलंय, असं त्यांना वाटलं असावं. मिक्सरचं काय वाटलं, देव जाणे.) त्यांनी पेन्सिलीने आकृती काढली होती. खाली आई, तिच्यापासून वर तीन रेघा, तिन्ही मामाशी मिळालेल्या, आणि मामाच्या वर कोरी जागा. खाली लिहिलं होतं, "तीन वाटा म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. या माणसाला विचारलंत का, त्याने कोणाकडून ऐकलं?"

बाहेर पडून जिन्यातूनच मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "अगं, तूच नाही का सांगितलंस? तिचा आवाज काढून. काय हसलो होतो आपण."

मावशी, खरंच मीच. निघायच्या आदल्या दिवशी मामाने फोनवर विचारलं, तुझी मावशी काय म्हणतेय? तेव्हा मी तुझा आवाज काढून ते वाक्य म्हटलं. तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस. तू त्या दिवशी काही बोललीच नव्हतीस, खाली मान घालून माझ्यासाठी तो जुना अरबी शब्दकोश नव्याने शिवून बांधत होतीस. पुस्तकबांधणीत तुझी हयात गेली, पण उजवीकडून उघडणारं पुस्तक तुझ्या हाताखालून आधी कधी गेलं नव्हतं, म्हणून नाव मागच्या पुठ्ठ्यावर आलं. वाचनालयात अजून कोणी ना कोणी मला हळूच सांगतं, पुस्तक उलटं धरलंय. वाया जाण्याची भीती माझी होती गं. तुझ्या आवाजात म्हटली की त्या भीतीवर हसता येत होतं, एवढंच. त्यापायी तुम्हा दोघींची सहा वर्षं गेली. मला माफ कर. यावर मला विनोद सुचत नाही.

लोभ आहे हे मला माहीत आहे. तो राहील ना, एवढंच विचारते.

तुझी,
(नोंदीप्रमाणे: माया पुष्कळ, भरवसा शून्य)
भाची

ता. क. शब्दकोशाची शिवण सुटली आहे, पानं हातात येतात. परक्या हातात मी तो देणार नाही. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता माझी तोंडी परीक्षा आहे. दाभण, दोरा आणि खळ घेऊन ये. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या आहेत, अगदी शेजारी-शेजारी. मधे पिशवी ठेवण्याइतकीही जागा नाही, मी बघून आले आहे.

ता. क. आणखी एक. परीक्षेसाठी आई आधीच माझ्याकडे आली आहे. पाकीट बंद करण्यापूर्वी हे पत्र तिला वाचून दाखवलं. संपेपर्यंत ती एकच टेबल पुसत होती. मग म्हणाली, "करून दाखव." मी तुझा आवाज काढला. ती हसली, मग तिने डोळे पुसले, मग मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी पहिलं पान पुन्हा लिहून काढलं, कारण शेवटी ती म्हणाली, "तिला विचार, गुडघे कसे आहेत. परीक्षेच्या तिथे जिने फार आहेत म्हणावं. मी खाली येऊन थांबते." हे मी तिच्या समोर बसून, तिच्याच तोंडून ऐकलं आहे. मधे कोणी नाही, आणि या वेळी मी नक्कल केलेली नाही.