आपल्या नावाचा रंग

तीर्थस्वरूप आत्यास, तुझ्याच नावाच्या भाचीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठातली सहाच अंगं टेकली, बाकीची दोन समजून घे). तब्येत कशी आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? आणि चष्मा अजून त्या जुनाट फडक्यानेच पुसतेस का? वीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय की काचेवर ओरखडे पडतात, फेक ते. चष्म्याचं दुकान माझं आहे, तुझं नाही. असो. इकडे माझी लेक आणि तिची नऊ दिवसांची मुलगी मजेत आहेत. मी मात्र कामधाम सोडून खिडकीत बसलेली असते.

कारण असं, की बाळाला आपलं नाव ठेवायचं हे मी मनात पक्कं केलं होतं. तू उलमी, मी उलमी, आता ती. तर लेक म्हणते, "अर्थ सांग, मग ठेवते. बिनअर्थाचं नाव मी पोरीच्या गळ्यात बांधणार नाही." नोंदणीचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. मी म्हटलं, आत्या सांगते, एका राणीचं नाव आहे. तर विचारते, कुठली राणी? खरंच, कुठली गं? शाळेत पोरी मला 'जुलमी' म्हणून चिडवायच्या तेव्हा त्याच राणीच्या जिवावर मी मान ताठ ठेवली. पण आपल्या दोघींनंतर या नावाने कुणी 'ओ' देणार नाही, या विचाराने मला जेवण जाईना.

शेजारी भाषेचे मास्तर राहतात, त्यांना विचारलं. दोन दिवस जाडजूड कोश उपसून ते तीन अर्थ घेऊन आले. एका भाषेत ओलं सरपण, दुसरीत कळपामागे रेंगाळणारी शेळी, आणि तिसरा सांगायला ते तयारच होईनात. त्या दिवशी दुकानात एका गृहस्थांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली आणि मी आपली समोरच्या भिंतीवर सरकणारं ऊन बघत राहिले. त्यांनी ओळ चारदा वाचली. पाचव्यांदा म्हणाले, बाई, आता पाठ झाली. त्यांना कुठला नंबर दिला देव जाणे. चष्मा बदलून घ्यायला ते आले नाहीत, बहुतेक दुकान दिसलं नसेल.

शेवटी बाबांची ट्रंक उघडली. तळाशी आजोबांची रंगकामाची वही निघाली. पानोपानी कापडाचा तुकडा चिकटवलेला, शेजारी किती उकळलं, किती वेळ बुडवलं, आणि रंगाला त्यांनी स्वतः जुळवलेलं नाव. एका गडद तपकिरीचं नाव 'सासूबाई' आहे. एका पिवळ्याचं नुसतं 'उशिरा'. मी जमिनीवर बसून पानं उलटत होते, ऊन पायावरून पुढे गेलं, चहा गार झाला, आणि मला वाटत राहिलं की आजोबा शेजारीच हात पुसत उभे आहेत. आणि एका पानावर आपलं नाव दिसलं.

तारीख तुझ्या जन्माची. पुढे त्यांच्या अक्षरात: "दुपारभर खोलीच्या दाराबाहेर उभा होतो. कापड हंड्यात विसरलो. मुलगी झाली. कापड बिघडलं. असा रंग कधी पाहिला नाही. रंगाचं आणि मुलीचं नाव उलमी. कापडाचं दुपटं शिवू."

खाली तोच रंग पुन्हा काढून बघितल्याच्या एकोणीस तारखा, आणि प्रत्येकीपुढे "नाही". विसावी माझ्या जन्माची: "याही वेळी नाही. नातीला नाव ठेवलं."

तर आत्या, राणीबिणी काही नाही. तू बिघडलेलं कापड आणि मी तर न जमलेलं. मी वही छातीशी धरून भरपूर रडले, सांगायला लाज कसली.

त्या पानावरचा तुकडा मात्र नाही. अख्ख्या वहीत कसरीने नेमका तोच खाल्ला, वाळलेल्या खळीचा चौकोन तेवढा उरलाय. लेकीने बाळाला खांद्यावर घेऊन सगळं वाचलं. मग म्हणाली, "रंग दाखव, नाव ठेवते." हट्टी आहे. आपल्यावरच गेली आहे.

तुझ्याहून मोठं घरात आता कुणी उरलं नाही, तेव्हा थोरांना सांगायचा नमस्कारही तूच ठेवून घे.

तुझी,
धाकटी उलमी

ता. क. : फडक्याबद्दल वीस वर्षं जे बोलले ते सगळं मागे घेते. तुझ्या दुपट्याचंच आहे म्हणायचीस ना ते? धुवू नकोस. शुक्रवारच्या आत मिळेल असं पाठव.

ता. क. २ : माझं ऐकून फेकलं असशील तर कुठलंही जुनं फडकं पाठव. लेकीला काय कळतंय! पण खरं असेल तर कोपऱ्याला एक गाठ मार, म्हणजे मला समजेल. साठी उलटली गं, मी कुठल्या रंगाची आहे ते एकदा बघायचं आहे.