विहीणबाईंना, तुमच्या लेकीच्या रायफलीबद्दल

विहीणबाईंना लेकीच्या सासूचा, दोन्ही हात जोडून, नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुमचं पित्त कसं आहे? व्याह्यांचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांना वाऱ्यात बसू देऊ नका. तुम्ही देताच, मला माहीत आहे.) पत्र मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा. मधेच उठून फोन करू नका. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. पत्रात मला ती भीती नाही.

रायफलीचं कळल्यावर रविवारी फोनवर तुम्ही सूनबाईला सांगितलंत की ती रायफल देऊन टाक, नाहीतर आमच्या घरी येऊ नकोस. आईचा जीव आहे, मी समजू शकते. पण धक्का म्हणाल तर मला तुमच्याहून मोठा बसला होता, कारण ती वस्तू राहते आमच्या घरात. त्याचं असं झालं. थंडीच्या दिवसांत एक पोलीस घरी आला. घरात मी एकटी. तो विचारायला लागला, सून स्वभावाने कशी आहे, रागीट आहे का, घरात भांडणं होतात का. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईच्या वेळी असाच माणूस आला होता आणि ती पुढे परदेशी गेली, त्यामुळे मला वाटलं पासपोर्टाचं काम असणार. म्हटलं पोरांना कुठे हिंडायला जायचं असेल तर आपण कशाला मोडता घालायचा. तोंड भरून स्तुती केली. सून शांत, सून गुणी, आवाज म्हणून चढत नाही. (चढतो, पण तो तुमच्या जावयांवर, आणि तो कुणी धरत नाही.) त्याने लिहून घेतलं, मी खाली सही केली. पुढे एके दिवशी सूनबाई एक लांबलचक खोका घेऊन आली आणि हातपाय धुवायला गेली. पडद्याचा दांडा आणलाय वाटतं, म्हणून मी उघडून पाहिला. अहो, आत रायफल. माझ्याच सहीने माझ्या घरात रायफल आली होती.

मी खुर्चीत बसले ती उठेचना. डोक्यात एकच विचार, रायफल आणली सुनेने आणि घरात सासू एकच. सकाळपासून काय काय बोलले ते आठवलं. भाजीत मीठ कमी म्हणाले होते. टॉवेल वाळत घालायच्या पद्धतीवरून तर बरंच काही. दुसऱ्या दिवसापासून मी नुसती साखर झाले. भाजी करपली की खरपूस झाली म्हणायचे. ती उशिरा उठली तर मी चपला हातात घेऊन चालायचे. आठवडाभर हे पाहून तीच बिचारी घाबरली आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने जीभ पाहिली, छाती तपासली, मग विचारलं की मनात कसली भीती आहे का. मी सूनबाईला बाहेर पाठवलं आणि त्याच्या कानात सांगितलं. तो मेला इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं, आणि मग तिलाच आत बोलावून सगळं सांगून मोकळा झाला. तुमच्या जावयांना म्हणे आधीपासून ठाऊक होतं. मला सांगायचं धाडस झालं नाही. झुरळ दिसलं तर पलंगावर चढणारा माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची.

मग सूनबाई मला तिच्या नेमबाजीच्या जागी घेऊन गेली. मी जीव मुठीत धरून गेले. वाटलं होतं धडाधड गोळ्या, आरडाओरडा, धूर. तर तिथे काय, एक लांब शेड, समोर मातीचा उंच बांध, आणि चटयांवर पालथी पडलेली मोठीमोठी माणसं. एक पाववाला, एक सुईण, एक निवृत्त हेडमास्तर. एक म्हातारा देखरेखीला असतो, तो प्रत्येकाला थांबा थांबा म्हणतो म्हणून सगळे त्याला थांबाकाकाच म्हणतात. गोळ्या त्याच्याच कुलपात, घरी एकही आणायची सोय नाही. आवाजासाठी सगळ्यांच्या कानांवर झाकणं. मला तसंही कमीच ऐकू येतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत बरोबरीने बसले. आणि करतात काय, तर काहीच नाही. श्वास घेतात, अर्धा सोडतात, थांबतात. तुमची लेक त्या चटईवर पडली की अशी निश्चल होते की मी दोनदा उठून पाहिलं, ठीक आहे ना.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणालात, ती धांदरट आहे, स्वतःच्याच पायात गोळी मारून घेईल. लहानपणापासून तुम्ही तिला धांदरट म्हणता हे ती हसत सांगते, पण कप बशीत ठेवताना बशी वाजते ते मी ऐकलं आहे. (मला ऐकू येतं म्हणजे बघा.) ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात मालकाने तिच्याकडून बारीक स्क्रू लावायचं काम काढून घेतलं होतं, हातून सांडायचे म्हणून. नेमबाजीला जायला लागल्यापासून ते काम पुन्हा तिच्याकडे आलं आहे. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल.

रविवारी स्पर्धा होती. मी मागे बाकावर. सूनबाईने जराही घाई न करता दहा गोळ्या झाडल्या आणि कागद आणून पाहतात तर तिचा कागद कोरा. शेजारच्या हेडमास्तरांच्या कागदावर मात्र वीस भोकं. बाईसाहेबांनी दहाच्या दहा गोळ्या शेजाऱ्याच्या कागदावर मारल्या होत्या. मला तर घाम फुटला. पण विहीणबाई, विसांतली दहा भोकं कागदभर अंगणात दाणे टाकल्यासारखी, आणि दहा एका ठिकाणी, सदऱ्याच्या गुंडीखाली झाकतील अशी. हेडमास्तर म्हणाले, गुंडीतली माझी. थांबाकाकाने हेडमास्तरांचे जुने कागद आणून शेजारी ठेवले. पोर चुकीच्या घरात शिरली हे खरं, पण दहाही वेळा एकाच उंबऱ्यावरून.

नियमाप्रमाणे तिला शून्य मिळालं. घरी येताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "माझी आई म्हणते तेच खरं. मी धांदरटच." आणि आम्ही दार उघडतोय तोच तुमचा फोन.

तेव्हा आता सूनबाई रायफल जिथून घेतली त्या दुकानदाराला परत देणार आहे. काल त्याचा माणूस न्यायलाही आला होता. पण रायफल ज्यात असते त्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडेना. खिळ्याला असते ती नाही. सगळं घर उलटं केलं. मी तर पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला. तुमचे जावई माळ्यावर चढले. माणूस पुढच्या सोमवारी येतो म्हणून गेला. येत्या रविवारी त्याच स्पर्धेची दुसरी फेरी आहे. किल्लीवाचून तीही राहणार, याचं वाईट वाटतं.

व्याह्यांना नमस्कार, आणि तुमच्या पित्ताला माझ्याकडून दटावून सांगा.

तुमच्या लेकीची सासू

ता. क. पाकीट फाडताना जपून. तळाशी कापसात गुंडाळलेली कपाटाची किल्ली आहे.

ता. क. दुसरा. रायफल द्यायची असेल तर शनिवारच्या बसने किल्ली घेऊन या आणि स्वतःच्या हाताने कपाट उघडून द्या. द्यायची नसेल तरी बस तीच आहे. रविवारी सकाळी माझ्या बाकावर जागा आहे. एकदा तिला पालथी पडलेली पाहा, मग काय ते ठरवा. तुम्ही ठरवाल ते मी मानेन. तिला मात्र आधी काही कळवू नका.

ता. क. तिसरा. पत्र बंद करायच्या आधी तुमच्या जावयांची पॅन्ट धुवायला घेतली, तर खिशात त्याच कपाटाची दुसरी किल्ली. काल माळ्यावर सगळ्यांत मोठ्याने आपटाआपट करत शोधत होते ते हेच. मी किल्ली होती तिथेच ठेवली आणि पॅन्ट न धुता वाळत घातली. तुम्ही मात्र या.