सुलाबाईचं अस्वल

४ ऑगस्ट, सोमवार
अंगणवाडीला आठ पुस्तकं आली. प्राण्यांची! मोठी, रंगीत, पानागणिक एकच ओळ. मी पहिलं वाचलं — अस्वल मध खातं. अस्वल झाडावर चढतं. पाचव्या पानाला अर्धी पोरं उठून गेली.
सतरा वर्षं सेविका हाय मी. आणि हे!

६ ऑगस्ट
खिचडी चढवून सुलाबाई पोरांत बसली. आमची मदतनीस! एक अक्षर येत नाही. त्याच पुस्तकातलं चित्र दाखवून म्हणती, "ह्या अस्वलाची माय बाजारला गेलीया. म्हणून ते रडायलंय."
पोरं — "मग?"
मला कुणी कधी "मग?" म्हटलं नाही.

७ ऑगस्ट
पुस्तकं कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. म्हटलं, तुमचे हात तेलकट असतात, सुलाबाई. तिनं साबणानं धुवून दाखवले. मी बघितलंच नाही.

१२ ऑगस्ट
सुपरवायझर रेणुका मॅडम आल्या. पोरांनी सांगून टाकलं — गोष्ट सुलाआजी सांगती! मॅडमनी पुस्तक काढायला लावलं. अस्वलाची गोष्ट अख्खी ऐकली, मोबाईलवर घेतली. माझ्या अंगाची नुसती आग.
मीच म्हटलं, "आता खाली लिहिलंय ते वाचा की मॅडमला."
ती पानाकडं बघत राहिली. मी परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा.
"मला वाचता येत न्हाई, महानंदाताई. तुमाला ठावं हाय की."
पोरं फिदीफिदी हसली. तिचीच लाडकी पोरं!
आज एक भाकरी जास्त खाल्ली.

१३ ऑगस्ट
सुलाबाई पोरांकडं पाठ करून तांदूळ निवडती. धाकली साक्षी पदर ओढून गोष्ट मागत होती. म्हणाली, "मला येत न्हाई, बाळा."

२१ ऑगस्ट
सुलाबाईच्या नावचं पत्र. अंगणवाडीची सगळी पत्रं माझ्याच हातात येतात. चित्रावरून गोष्ट कशी सांगायची ते तिनं साऱ्या सेविकांना शिकवायचं म्हणे — सोमवारी, परभणीत! मॅडमनी तो व्हिडिओ वर पाठवला होता. म्हणजे मी सतरंजीवर बसायचं, आणि ती पुढं खुर्चीवर!
पत्र चुलीत घातलं. मॅडमला फोन केला — सुलाबाई नको म्हणती, लय लाजती.

२३ ऑगस्ट, शनिवार
सुलाबाई घरी आली. काम सोडून लेकीकडं चुडाव्याला चालली. उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले — "माझ्यापायी मॅडमपुढं तुमची मान खाली गेली, ताई. माफ करा."
"केलं," म्हटलं.