शंभर श्वासांची चिठ्ठी

१२ ऑक्टोबर, शनिवार

ती. बाबांना नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुमच्या डोळ्यांवरची पट्टी अजून पंधरा दिवस तरी राहणार असं ताईने कळवलं, म्हणजे हे पत्र तीच वाचून दाखवणार. ताई, अक्षर असं का झालंय, शब्दांवरच्या रेघा कुठे गेल्या, असं म्हणत थांबू नकोस. कारण शेवटी आहे. आणि काहीही गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, बाबांना त्रास नको म्हणून तू वर्तमानपत्रसुद्धा सोलून वाचतेस.

बाबा, दुकानाचं विचारलं होतंत. दुकानाचा आता देखावा झालाय. काकांनी दर्शनी काचेतले फुटबॉल आणि रॅकेटी मागे ढकलल्या आणि तिथे निळा कागद लावून समुद्राचा तळ उभा केलाय. अंडाकृती काचेचे जुने मास्क, शिशाचे वजनपट्टे, आणि मधोमध दोन नळ्यांचे जुने रेग्युलेटर, तोरणासारखे टांगलेले. ज्या यंत्रातून माणूस पाण्याखाली श्वास घेतो त्याला काका बुटाचं पॉलिश लावतात. रबराला भेगा असतील तर दोनदा. कोपऱ्यात प्लास्टिकचा एक खेकडा ठेवलाय. आपण खोटे आहोत हे न लपवणारा त्या काचेमागे तेवढा एकच.

गिऱ्हाईकंही काकांना शोभतील अशीच येतात. एका हॉटेलवाल्याने विचारलं, "याच्यात दिवा बसेल का हो?" काका म्हणाले, "बसेल की साहेब! हवा जायची तिथून वायर जाईल." एक बाई नवऱ्याच्या पन्नाशीसाठी मास्क घेऊन गेल्या, त्याच्यासोबत फोटो काढला आणि वास येतो म्हणून तिसऱ्या दिवशी परत आणला. काकांनी अत्तर लावून तोच दुसऱ्याला दिला.

काकांवर मी आणखी दोन पानं सहज लिहीन. पण पुढच्या रविवारी, २० तारखेला, तुम्हाला एक फोन येणार आहे, आणि त्याआधी हे तुम्हाला कळायला हवं. मी स्वतः तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा औषधं घेतली का एवढंच विचारून ठेवून दिला.

फोन धरणावरच्या पाणबुड्यांचा असेल. धरणाचे दरवाजे तपासायला खाली जायचे ते, एका कानाने कमी ऐकणारे. आता निवृत्त आहेत. त्यांच्या जुन्या मंडळींनी मागच्या रविवारी पाण्याने भरलेल्या खाणीत जुन्याच सामानानिशी उतरायचं ठरवलं होतं. त्याआधी गुरुवारी ते दुकानात आले, काकांचा समुद्र बघून हसले, आणि एक रेग्युलेटर उचलून त्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी उलटी केली. 'शंभर श्वास. ठीक.' खाली तारीख आणि तुमची सही. त्यांनी चष्मा परत खिशात घातला.

"हे अक्षर दिसलं की आपण पुढे बघत नाही," ते म्हणाले.

"दादाने तपासलेली वस्तू! विचारायचंच नाही," काका म्हणाले.

मी ती कागदात बांधून दिली. सुतळीला दोन गाठी मारल्या, वाटेत सुटू नये म्हणून.

ताई, तू तेव्हा शाळेत असायचीस, म्हणून तुला सांगते. बाबा मागच्या अंगणातल्या पिंपात तोंड बुडवून प्रत्येक रेग्युलेटरमधून शंभर श्वास घ्यायचे. शंभर पुरे झाल्याशिवाय चिठ्ठी बांधायची नाही. मी स्टुलावर बसून मोजायची. शाळेत जायच्या आधी मला शंभरपर्यंत आकडे आले ते तसे, आणि अक्षरं आली ती चिठ्ठ्यांवरून. बाबा वर लिहायचे, मी खाली गिरवायची. म्हणून माझं अक्षर बाबांचंच आहे, शब्द संपल्यावर एका झटक्यात ओढलेल्या वरच्या रेघेसकट.

बाबा, तो रेग्युलेटर तुम्ही कधी हातातसुद्धा घेतलेला नाही. काकांनी तो मार्चमध्ये एका बंद पडलेल्या क्लबच्या भंगारातून आणला. सही माझी आहे.

काकांनी आधी तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. "शाई उडालीय, नुसतं गिरव." त्या खरोखरच तुमच्या होत्या, खरोखरच फिक्या होत्या. चौथी कोरी होती. काका काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही. अशा चौदा केल्या. तारखा माझ्या मनाने घातल्या. तुम्ही रविवारी पिंपाला हात लावत नव्हतात, म्हणून कॅलेंडर समोर ठेवून मी रविवार टाळले. खोटं करतानासुद्धा एवढी नेटकी. काकांच्या पॉलिशला मी आत्ता नावं ठेवली ना? त्यांचं पॉलिश निदान बोटाला लागतं.

शनिवारी सकाळीच पाणबुड्यांच्या घरी गेले. ते अंगणात टाकीला रेग्युलेटर जोडून बसले होते. मी म्हटलं, आतला रबरी पडदा एकदा बघा. ते म्हणाले, "तुझ्या बापाने बघितलाय." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कुरकुरत झाकणाचे स्क्रू काढले. पडदा बोट लागताच सुक्या पानासारखा मोडला.

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग ही सही?"

"माझी."

मला वाटलं होतं, ओरडतील. ते मोडलेले तुकडे एका वाटीत गोळा करत राहिले.

"दहा मीटर," ते म्हणाले. "तेवढ्या खोलीवर हा पडदा गेला असता. आणि शेवटच्या क्षणी मी तुझ्या बापाला शिव्या दिल्या असत्या. त्याला, पोरी! माझं सोड, हे कळतंय का तुला?"

मी मान हलवली.

"रडतेस कशाला? खरं सांगितलंस म्हणून चहा पाजू की काय? दोन आठवडे देतो. त्याला तू सांग. नाही सांगितलंस तर मी फोन करणार. सांगितलंस तरी करणारच, नीट सांगितलंस का ते विचारायला."

तिथून मी दुकानात आले आणि काकांच्या समोर चिठ्ठ्या कापल्या. चौदातल्या अकरा सापडल्या. काका म्हणाले, "अगं, भिंतीवर टांगायच्या वस्तू त्या! भिंत कधी बुडते का? दादाच्या या असल्या काटेकोरपणानेच तर धंदा बसला."

बाहेर गेलेल्या तीन रेग्युलेटरांपैकी एक पाणबुड्यांकडचा. एकाचा त्या हॉटेलात दिवा झालाय, मी जाऊन बघून आले. तिसरा कुणी नेला ते काकांना आठवत नाही. "कुणीतरी तरुण जोडपं होतं. हसरं होतं," म्हणाले.

म्हणून मी काचेवर कागद लावला, की इथल्या रेग्युलेटरच्या चिठ्ठ्यांवरच्या सह्या खोट्या आहेत, ज्यांनी नेला त्यांनी पाण्यात उतरू नये, दुकानात यावं. काका बाहेर जाऊन वाचून आले आणि पोट धरून हसले. "हे तर दादाचंच अक्षर! दादाच लिहितोय की दादाच्या सह्या खोट्या!"

आयुष्यात एवढी एकच गोष्ट काका बरोबर बोलले असतील.

त्या दिवसापासून दुसरं अक्षर बसवतेय. वरची रेघ सोडून दिली, 'र'ची शेपटी तोडली, एकेक अक्षर सुटं लिहिते. कुणा पहिलीतल्या पोराने लिहिल्यासारखं दिसतं. काका रोज सकाळी कागद फाडतात, मी रोज नवा लावते, त्यामुळे सरावही होतो. ते जोडपं अजून आलेलं नाही. रस्त्यात कुणी जोडीने हसत गेलं की मी दुकानातून धावत बाहेर जाते.

बाबा, क्षमा मागणारं एक वाक्य लिहिलं होतं. ते तुमच्याच वळणात उतरलं, म्हणून तो कागद फाडला. पट्टी सुटली की हे पत्र स्वतः बघा. ताई, तोवर त्यांना एवढंच सांग, की खालची सही वाकडी आहे आणि ती त्यांच्या सहीसारखी जराही दिसत नाही.

आपली,
धाकटी