शेजारच्या खाटेवरचा माणूस

४ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, पण रागाने.

आणि दुसरी गोष्ट. पहिली मागच्या पत्रात सांगितली होती, तिचं उत्तर तू गिळून टाकलंस, म्हणून आता दुसरी. तुझ्या प्रश्नावलीत मला 'अनुपस्थित सदस्य' म्हणायचं नाही. मी अनुपस्थित असतो तर तुझ्या कॉलेजची फी काय भिंत भरते? शाळेत मास्तर मला अनुपस्थित म्हणायचे ते ठीक होतं, तेव्हा मी खरंच नसायचो. पाचवीनंतर मी शाळा सोडली, शाळेनेही मला सोडलं, आणि दोघंही सुखी झालो. ते जुनं भांडण तू छापील कागदावर उकरून काढू नकोस.

तुझी चार पानी प्रश्नावली पोचली. घरापासून लांब राहून कमावणारा माणूस आजारी पडला की घरच्या पैशाचं काय होतं, यावर तू शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिते आहेस, एवढं मला समजलं. पण सहा महिन्यांत किती वेळा आजारी पडलात असं कुणी कुणाला तोंडावर विचारतं का? एवढे बारीक प्रश्न मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा विचारत नाहीत.

तरी तू सांगितलंस म्हणून खोलीतल्या सगळ्यांकडून भरून घेतली. आमची खोली तुला माहीत नाही, सांगतो. खाली लाँड्री, वर आम्ही. दिवसभर दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, रात्री त्यांच्याच डोक्यावर झोपायचं. खालून बॉयलर तापतो, वरून पत्रा, मधे आम्ही सहाजण आपोआप इस्त्री होतो. माझ्या शेजारच्या खाटेवर लांबू. त्याचे पाय खाटेबाहेर राहतात, त्यांच्यावर तो टॉवेल वाळत घालतो. त्याच्या पलीकडे इस्त्रीवाले काका. दाराशी एकजण आहे, तो बोलतच नाही, म्हणून त्याला कुलूप म्हणतात. बाकी दोघं रात्रपाळीचे, त्यांचं मी फक्त घोरणं ओळखतो.

सहाही जणांनी 'ठणठणीत' असं लिहिलं आहे. काकांनी खोकल्यापुढे 'नाही' लिहिलं, पण लिहिताना एवढे खोकले की 'ना' एका ओळीत गेला आणि 'ही' दुसऱ्या. कागदावरचा तो डाग चहाचा आहे. मीही ठणठणीत आहे, ते वेगळं लिहायला नको.

आई-बाबांना नमस्कार. आठशे नेहमीप्रमाणे पाठवले आहेत. लोभ असावा, प्रश्नावली नसावी.

तुझा दादा,
भिंगरी

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे सहा कागद मिळाले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. म्हणाल्या की इतकी निरोगी खोली त्यांनी आयुष्यात पाहिली नाही, हवापालटासाठी महिनाभर तिथे राहायला येता येईल का. मग म्हणाल्या की मी इतर ठिकाणांहून मागवलेले कागदही असेच आहेत. कुणाला काही होतच नाही. माझ्या प्रबंधाचा विषय आजारपण, आणि आजारी माणूस एकही नाही. नवरदेवाशिवाय वरात निघावी तसं झालंय.

बाईंचं म्हणणं असं की प्रत्येकाला वाटतं हा कागद शेवटी आपल्याच घरी वाचला जाणार. म्हणून खरं कुणी लिहीत नाही. त्यावर मी एक तोड काढली आहे. आता चार पानं नाहीत, एकच पान. स्वतःबद्दल काहीही लिहायचं नाही. फक्त शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काय होतं ते लिहायचं, आणि पाकीट ज्याचं त्याने चिकटवून द्यायचं. दुसऱ्याने उघडायचं नाही. हे दुसऱ्याने म्हणजे तू.

घरी सगळं बरं. तू एका नोकरीवर अकरा महिने टिकलास म्हणून बाबांची छाती फुगली आहे. बेकरी, गॅरेज, रंगकाम, सायकलचं दुकान, कुठेच तुझं बूड टेकलं नव्हतं. आता ते जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतात की भिंगरी थांबली. वरच्या मजल्यावरचे लोक हल्ली जिना उतरताना आधी कानोसा घेतात. आई तुझं पत्र दोनदा वाचते आणि डब्यावर ठेवून देते.

लोभ आहेच, तो खऱ्या उत्तरांसकट वाढावा.

तुझी,
चिमी

६ जुलै

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या एका पानाने इथे आग लावली. लोकांनी जादा कागद मागितले. काकांनी रात्रपाळीवाल्याच्या मूळव्याधीवर दोन पानं लिहिली आणि वर विचारलं की चित्र काढून दाखवायचं का. कुलूप, जो वर्षभरात 'सरक' याच्यापुढे गेलेला नाही, त्याने काकांच्या खोकल्याचं साल, महिना, रंग, सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर माणूस तीर्थाला जाऊन आल्यासारखा दिसत होता. मी लांबूच्या पायांवर लिहिलं आहे. त्याला बोटांमधे चिखल्या झाल्यात, बूट ओले असतात म्हणून. तो सांगतो की उंच माणसाचं रक्त पायापर्यंत पोचायला वेळ लागतो.

सगळ्यांना एकमेकांचं इतकं माहीत होतं आणि कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं, याचं मला थोडं नवल वाटलं. मग जेवणाची वेळ झाली.

आता एक काम कर. लांबूने जो कागद लिहिला आहे तो मोजणीत धरू नकोस. तो थापाड्या आहे, त्याचं अक्षर वाईट आहे, आणि त्याच्या शेजारी कोण झोपतं हे त्याला नीट माहीत नाही. मी पाकीट उघडलेलं नाही. उघडायला गेलो होतो, हे खरं सांगतो. वाफेवर धरलं होतं. पण त्याने ते चादरींच्या खळीने चिकटवलं होतं, आणि आमची खळ चांगली असते.

बाबांना सांग की त्यांनी जिन्यात उभं राहू नये, वारा लागतो. फीची तारीख पंधरा ऑगस्ट आहे ना, तोवर सगळं पुरं होईल. आठशे पाठवले. लोभ असावा, आणि पाकिटं फाडताना एखादं हरवलं तरी चालावं.

तुझा दादा,
भिंगरी

२० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लांबूदादांचं अक्षर खरंच वाईट आहे. मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

तुझ्या जांघेत गाठ आहे. आधी लिंबाएवढी होती, आता संत्र्याएवढी. ओल्या चादरींची गाठोडी उचलून आली. तू ती उशीच्या अभ्र्याने आवळून बांधतोस आणि दुपारी मळक्या कपड्यांच्या ढिगावर उताणा पडून हाताने आत ढकलतोस. मागच्या महिन्यात एकदा ती आत जाईना. तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडलास आणि विचारल्यावर सांगितलंस की मी विचार करतो आहे. तुला विचार करताना आजवर कुणी पाहिलेलं नाही, म्हणून लांबूदादा घाबरले. दवाखान्याचं नाव काढलं की तू म्हणतोस, चिमीची शेवटची फी जाऊ दे, मग बघू.

मी कागद घेऊन कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की हा हर्निया आहे, ऑपरेशन साधं आहे, रोज होतं. पण आतडं एकदा अडकलं तर मग दिवस मिळत नाहीत, तास मिळतात. 'मग बघू' हे कितव्या तासाला येतं, ते मला तुझ्याकडून समजून घ्यायचं आहे.

तुझी मनीऑर्डर मी परत केली. पोस्टमनने आकडा दोनदा मोठ्याने वाचला, त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. मग त्याने बाबांकडे बघितलं. बाबा जिन्याकडे बघत होते. हवा तेवढा रागाव. तू ऑपरेशन करून घेतल्याशिवाय या घरात तुझा पैसा येणार नाही आणि मी प्रबंधही देणार नाही. त्यात मी काय लिहू? कमावता माणूस आजारी पडला की घरचे त्याच्या पैशाने आजारपणावर प्रबंध लिहितात?

घरीही तोच कागद वाटला होता, गंमत म्हणून. बाबांनी आईबद्दल लिहिलं की हिला काही होत नाही, फक्त ही दोन्ही हातांनी कठडा धरून जिना चढते. आईने बाबांबद्दल लिहिलं की यांना अभिमानाचा त्रास आहे. मग तिने आणखी एक कागद मागितला. मी म्हटलं शेजारी अजून कोण आहे. तिने तुझ्या रिकाम्या खाटेकडे हात केला. तो कागद सोबत आहे. पाकीट तिनेच चिकटवलं, मी उघडलेलं नाही. आमच्याकडे वाफही नाही.

लोभ राहीलच. तू राहा.

तुझी,
चिमी

(सोबतचा कागद)

चि. भिंगरीस,
आईचे आशीर्वाद.

मला प्रश्न समजले नाहीत, मला ठाऊक आहे तेवढं लिहिते. तू एकामागून एक नोकऱ्या सोडल्यास तेव्हा तुझ्या बाबांना झोप नव्हती आणि मी स्वस्थ झोपत होते. ते म्हणायचे, पोराला स्थैर्य नाही. मी म्हणायचे, पाय धड आहेत म्हणून पळतोय. आता तू वर्षभर एका जागी आहेस, ते पेढे वाटायला निघालेत आणि माझी झोप गेली आहे. माझा मुलगा शहाणा होऊन एका जागी बसेल यावर माझा विश्वास नाही. तुला उठता येत नसणार.

काय झालंय ते चिमी मला सांगत नाही. तिचं तोंड बघून मी विचारलंही नाही. जे असेल ते दाखवून ये. आणि मग ती नोकरी सोड.

आई

२८ ऑगस्ट

ती. आई, ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार, आणि चि. चिमीस आशीर्वाद. या वेळी एकाच पत्रात सगळे, कारण बसून लिहिलं की टाके ओढतात.

मनीऑर्डर परत आली तेव्हा मी चांगलाच रागावलो होतो. इथल्या पोस्टातल्या माणसाने पैसे मोजून हातात ठेवले आणि विचारलं की घरचे वारले का. खोलीत येऊन मी सांगितलं की बहिणीला शिकवू नये, ती शिकते. काका म्हणाले, बरोबर आहे. लांबू पाय बघत बसला. मग मी आईचा कागद वाचला, आणि पुन्हा ढिगावर जाऊन पडलो. गाठ होती तिथेच होती. विचार मात्र त्या दिवशी खरंच करत होतो.

शेवटी कुलूप बोलला. तो म्हणाला की मी आज दवाखान्यात गेलो नाही तर तो उद्यापासून रोज बोलेल. त्यावर सगळेच घाबरले. एका बाजूने लांबू, दुसऱ्या बाजूने कुलूप, असा मी गेलो. वाटेत दोघं एका उंचीचे नसल्यामुळे मला तिरकं चालावं लागलं, दारावरच्या माणसाला वाटलं कंबरच मोडली आहे.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, एवढे महिने का काढलेस. मी सांगणार होतो की कुणी विचारलंच नाही. मग ती चार पानं आठवली. चिमे, ते 'ठणठणीत' आता खोडून टाक.

हा दवाखाना आमच्याच लाँड्रीचं गिऱ्हाईक निघाला. माझ्या अंगाखालची चादर आमच्याकडची. कोपऱ्याची दुमड बघून ओळखली, काकांच्या हातची. खोकला आला की त्यांची इस्त्री डावीकडे सरकते. त्या सुरकुतीवर मी आठ दिवस झोपलो. आता काकांनाही इथे आणायचं ठरलं आहे. ते नाही म्हणतात. कुलपाने नुसतं तोंड उघडून दाखवलं, आता हो म्हणतात.

मुकादमाने निरोप धाडला की जागा थांबणार नाही. म्हणजे मी सोडायच्या आधी नोकरीनेच मला सोडलं, असं पहिल्यांदाच झालं. बाबा, जिन्यातल्या लोकांना कळवून टाका, त्यांना मोकळेपणाने उतरता येईल. इथे लिफ्टवर माणूस हवा आहे, टाके सुकले की ये म्हणालेत. दिवसभर वर-खाली फिरायचं आणि उचलायचं काही नाही. आईला विचारा, तिला चालेल का. मला वाटतं दोन-तीन महिने तरी मन रमेल, त्याहून जास्त रमलं तर तिने काळजी करावी.

फीचे दोन हप्ते करून मिळाले हे बाबांच्या कार्डावरून कळलं. बाईंना माझा नमस्कार सांग. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बँडवाले आहेत. ते म्हणतात की ते फक्त विश्रांतीला आले आहेत. त्यांच्यावरचा कागद मी लिहिला आहे, बराच मोठा झाला. त्यांनी माझ्यावर लिहिलेला सोबत आहे, बंद आहे. या वेळी वाफेवर धरला नाही.

लोभ आहे हे पाहिलं, आता तो जरा हळू करावा, टाके ओले आहेत.

दवाखान्याचं आणि औषधांचं देऊन जे उरलं ते पाठवतो आहे. आठशेची सवय झालेल्या पोस्टमनला वाईट वाटेल. पण परत करू नका, एवढ्यासाठी त्याला दोनदा जिना चढायला लावणं बरं दिसत नाही. साठ रुपये.