मिरी, राई आणि मधली जाळी

प्रिय थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर धाकटीचं नाव निघालं की तू लगेच म्हणतेस, 'आई, दुसरं काहीतरी बोल.' म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही. घडी घालून बाजूला ठेवता येतं, पण तसं करू नकोस. आणि घाबरूही नकोस, सुरुवातीला सगळं उंदरांबद्दलच आहे.

उंदीर म्हटलेलं तुझ्या भाचीला, धाकटीच्या छोटीला, खपत नाही. जर्बिल म्हणायचं. हट्ट करकरून तिने दोन आणल्या, एका वेतातल्या बहिणी. मुठीत मावतील एवढ्या, शेपटीच्या टोकाला झुपका. काळी ती मिरी आणि तपकिरी ती राई. मी साफ नाही म्हटलं होतं. घरात उंदीर शिरू नये म्हणून जन्मभर डब्यांची झाकणं दाबून लावली, आणि आता काय, उंदीर विकत आणून पाहुणचार करायचा? माझ्या वहीत असल्या खर्चाला सदरच नव्हतं. पण आल्या, काचेच्या पेटीत राहिल्या, आणि बघता बघता मीच त्यांच्यासाठी रिकामे पुठ्ठे जमवायला लागले. पुठ्ठा कुरतडून भुगा करायचा आणि त्याच भुग्यात घर थाटायचं. टाकाऊतून संसार. या एका गुणावर आमचं जमलं.

जमलं नाही ते त्यांच्या मारामारीशी. दोघी मागच्या पायांवर उभ्या राहायच्या आणि पुढच्या पायांनी एकमेकींना रेटायच्या, अगदी आखाड्यातल्या पहिलवानांसारख्या. मग एक पळायची, दुसरी मागे. ही तिला उताणी पाडायची, की लगेच ती हिला. माझा जीव वरखाली. छोटी म्हणायची, 'आजी, खेळतायत गं त्या.' मी म्हणायचे, 'मला नको शिकवूस, दोन मुली वाढवल्यात मी.' त्यावर ती काय म्हणाली माहितेय? 'म्हणूनच तुला सगळीकडे भांडण दिसतं.' जीभ कुणावर गेलीये ते तुला सांगायला नको.

छोटी शाळेच्या सहलीला गेली आणि मी संधी साधली. राईला उचलून वेगळ्या पेटीत ठेवलं. म्हटलं, चार दिवस लांब राहिल्या की डोकी थंड होतील. त्यात माझी ती स्वच्छतेची खोड. मोठी पेटी साबणाने घासली, जुना भुगा टाकून दिला, पेटी उन्हात खडखडीत वाळवली. छोटी यायच्या दिवशी चकचकीत घरात दोघींना एकत्र सोडलं आणि कौतुकाने बघत उभी राहिले. मिरी अंग फुगवून तिरकी तिरकी चालत आली. आवाज नाही, धावपळ नाही. पुढच्या क्षणी दोघींचा एकच गोळा झाला, गरगर फिरणारा. मी पोळपाट मध्ये घालून त्यांना सोडवलं तेव्हा राईच्या शेपटीच्या मुळाशी रक्त होतं. छोटी दारातून आत आली ती हे बघायलाच. ओरडली नाही गं ती. नुसती म्हणाली, 'तू धुतलंस?'

आम्ही दोघी राईला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जखम वरवरची निघाली, देवाची कृपा. बाईंनी मला बसवून समजावलं. या जीवांची ओळख वासावर. दोघींचा मिळून एक वास असतो, तोच त्यांचं नातं. मी त्यांना लांब ठेवलं आणि वर तो वासही धुऊन टाकला. मग बहीण कुठली, समोर परकं कुणीतरी उभं. खेळ आणि भांडण कसं ओळखायचं, तेही सांगितलं. खेळात पाळी असते, आता ही वर, मग ती वर. रेटारेटी झाली की थांबून एकमेकींची मान चाटतात आणि एकाच ढिगात झोपतात. खऱ्या भांडणात एकच सारखी मागे लागते, दुसरीला खाण्याजवळ फिरकू देत नाही, घरट्यातून हाकलते. आणि ते बहुतेक वेळा मुकाट चालतं.

त्या मुकाट शब्दाशी मी अडकले. छोटीने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आले.

तुम्ही दोघी लहानपणी किती भांडलात! तिने तुझी वेणी खिडकीच्या गजाला बांधली होती, आणि तू तिच्या दप्तरात ओलं फडकं कोंबलं होतंस. जेवायला मात्र एकीला दुसरीच्या ताटातलंच गोड लागायचं. पुढे पडदे शिवायचं दुकान काढलंत, तिथेही तेच. 'मापं घेतेस की अंदाजपंचे?' 'तू कापड शिव, शहाणपण नको शिवूस!' गिऱ्हाइकं ऐकायला थांबायची. मी देवाला म्हणायचे, बाबा रे, यांना जरा शांत कर. आणि मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. शब्द तू दिला होतास. तू बाहेरगावी असताना धाकटीने तुझी वाट न बघता कापड कापलं आणि पडदा आखूड झाला. तू आलीस, तो मापून पाहिलास, नीट घडी घातलीस, आपली कात्री पिशवीत टाकलीस आणि गेलीस, ती गेलीसच. चकार शब्द नाही. तीही गप्प. मी दारातच होते, आणि खरं सांगू, मला हायसं वाटलं. म्हटलं, शेवटी शहाण्या झाल्या, ओरडल्या नाहीत. जर्बिलांच्या खेळाला भांडण समजणारी मी, आणि तुमच्या भांडणाला शहाणपण समजणारीही मीच.

तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. धाकटीने त्या पडद्याला खालून गडद रंगाचा पट्टा जोडला. नाट्यगृहवाल्यांना वाटलं, मुद्दाम केलेली शोभा आहे. तोंड भरून कौतुक केलं. ती घरी येऊन रडत बसली. म्हणाली, 'ताई असती तर म्हणाली असती, नशीब बघ या नकटीचं.' हसायला कुणी नव्हतं म्हणून रडली ती.

आता मिरी आणि राईचं पुढे. बाईंनी सांगितलं, पेटीच्या मधोमध जाळी लावा आणि रोज दोघींच्या जागा बदला. हिने तिच्या भुग्यात झोपायचं, तिने हिच्या. धुवायचं नाही. जुन्या कपाटाच्या दाराची जाळी मी जपून ठेवलीच होती, दुहेरी करून बसवली. धुवायचं मात्र नाही, हे व्रत मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. रोजच्या प्रार्थनेत तुम्हा दोघींच्या नावांमागे त्या दोघींचीही नावं लावली. देवाला हसू आलं असेल तर येऊ दे. आधी जाळीवर दात लागायचे. मग नुसतं हुंगणं. एका सकाळी बघते तर दोघींनी आपापलं घरटं ओढत ओढत जाळीला आणून लावलेलं, पाठीला पाठ, मध्ये फक्त तार.

मग त्यांना एका लहान, रिकाम्या खोक्यात सोडलं. तिचंही नाही, हिचंही नाही, असं घर. मी बागेतले जाड हातमोजे चढवून तयार. दोघी उभ्या राहिल्या, रेटायला लागल्या. माझा हात पुढे गेलाच. छोटी म्हणाली, 'आजी, थांब. बघ तरी.' राईने मान खाली घातली आणि मिरी तिचा कान चाटायला लागली. मी हातमोज्यांसकट हात जोडले.

तू गेलीस तेव्हा तुझा एप्रन दुकानातल्या खुंटीवरच राहिला, खिशात खडू आणि टेप तसेच. धाकटीने तो कुणाला हलवू दिला नाही. मागच्या आठवड्यात मी गुपचूप तिचा एप्रन काढून घेतला आणि तिच्या खुंटीवर तुझा अडकवला. तिने पाहिलं. बराच वेळ नुसता हातात धरला. मग गळ्यात घातला, मागे गाठ मारली आणि मशीनवर बसली. शिवता शिवता गुणगुणत होती. तिचा एप्रन या पार्सलात पत्राखाली आहे. मशीनच्या तेलाचा डाग आहे, खडूची भुकटी आहे, आणि तिचा वास आहे. जन्मात पहिल्यांदाच मी कुणाला न धुतलेलं कापड पाठवतेय. तू धुऊ नकोस. घाल, आणि त्यातच काम कर. मग कधी वाटलं, तर ये. दुकानात नको, घरीही नको. नदीकाठच्या बागेत एक लहानसं बाकडं आहे, दोघींना पुरेल एवढं. तिथे खुशाल भांडा, मोठमोठ्याने. मी पलीकडे बसेन आणि मध्ये पडणार नाही.

तुझीच,
हातमोजे घालून तयार असलेली,
आई